सातव्या प्रकरणातलं जातं

माझी नोकरी गेली त्याला नऊ आठवडे झाले होते आणि घरात ते कुणालाच माहीत नव्हतं. घर म्हणजे मी आणि माझे सासरे. माझा नवरा शंतनु कंपनीच्या कामासाठी सहा महिने जर्मनीत होता. त्यालाही मी सांगितलं नव्हतं. तो तिकडून दिवसातून तीनदा फोन करून मला धीर देत बसला असता, आणि तो ऐकून घेण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती.

नोकरी जाण्यात सांगण्यासारखं फारसं काही नसतं. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला. त्यात आधी कधी न पाहिलेल्या एका बाईने 'हे तुमच्या कामाबद्दल नाही' असं मला चार वेळा सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत माझं लॉगिन बंद झालं. बेंगळुरूत रोज कुणाचं ना कुणाचं असं होत असतं. मी घरी जाऊन सांगणारच होते. पण त्याच दिवशी बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, पुण्याच्या प्रकाशकाचा मेल आला होता की तुमचा ग्रंथ आम्ही छापतो. त्या आनंदात त्यांनी स्वतः शिरा केला होता. सासूबाई गेल्यापासून ते पहिल्यांदाच गॅसजवळ गेले होते. साखर दुप्पट पडली होती आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते. त्या शिऱ्यापुढे मला बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगायचं तर काल का नाही सांगितलं हेही सांगावं लागलं असतं. तिसऱ्या दिवशी ते आणखी अवघड झालं.

मग रोज सकाळी पावणेनऊला मी लॅपटॉपची बॅग आणि डबा घेऊन निघायला लागले. सर्जापूर रोडवरच्या एका मॉलमध्ये खाण्याच्या मजल्यावर कोपऱ्यातलं टेबल मिळायचं. तिथे बसून मी अर्ज पाठवायचे. बाहेरचा डबा तिथे चालत नाही, म्हणून दुपारी खाली तळघरात गाडीत बसून जेवायचे. सहा वाजता निघून, ट्रॅफिकमध्ये अडकून, दमून घरी यायचे. दमणं खरं होतं. 'आज फार काम होतं का?' बाबा विचारायचे आणि मी हो म्हणायचे. सोसायटीच्या बाकावर ते सगळ्यांना सांगायचे की आमची सून सॉफ्टवेअरची आर्किटेक्ट आहे, तिच्या हाताखाली चौदा माणसं आहेत. ते ऐकू आलं की मी लिफ्टचं बटण जोरात दाबायचे.

बाबा म्हणजे प्राध्यापक शरच्चंद्र. पुण्यात एकतीस वर्षं त्यांनी मराठी शिकवलं आणि चाळीस वर्षं एकाच काव्याचा पिच्छा पुरवला. काव्य जुनं आहे, तीनशे बारा ओव्यांचं, कवीचं नाव कुणालाच माहीत नाही. गोष्ट साधी आहे. एक सावकार तारवावर बसून परमुलखात व्यापाराला जातो. जाताना घरातल्या कणग्या धान्याने भरून ठेवतो. बारा वर्षं तो परत येत नाही. त्याची बायको लाडाई गावात एकटी राहते आणि शेवटी तो परततो. एवढंच आहे, पण बाबांच्या मते त्यात एकही वस्तू नुसती वस्तू नाही. तारू म्हणजे देह, समुद्र म्हणजे संसार, कणग्या म्हणजे पूर्वपुण्य. घरात मीठ संपलं असं मी सांगितलं तरी त्याचा दुसरा अर्थ काय, असं ते विचारतील की काय, अशी मला भीती वाटायची.

त्यांचा सगळ्यात लाडका भाग होता रित्या जात्याचा. पुस्तकातलं सातवं प्रकरण अख्खं त्याच्यावरच होतं. त्यातली ओवी मला पाठ झाली होती:

न घाली जात्यांत दाणा । रिता फिरवी पाषाणा ।
नाद जाय शेजारिणां । नित्य प्रभाते ॥

लाडाई रोज पहाटे उठते आणि जात्यात काही न घालता ते नुसतंच फिरवते. का, ते कवी सांगत नाही. पुढे एक दिवस शेजारीण सूपभर गहू घेऊन येते, माझं जातं टाकी लावायला, म्हणजे दगडाला धार करायला, दिलंय म्हणते, लाडाईच्या जात्यावर दळते आणि थोडं पीठ मागे ठेवून जाते. बाबांनी याचा अर्थ असा लावला होता: रितं जातं म्हणजे निष्काम कर्म, नाद म्हणजे योग्याला ऐकू येणारा आतला नाद, शेजारणी म्हणजे पाच इंद्रियं, गहू घेऊन येणारी ती सद्गुरू आणि मागे राहिलेलं पीठ म्हणजे प्रसाद. पुण्यात त्यांनी यावर दोनदा व्याख्यान दिलं होतं. प्रकाशकाने पुस्तक घेतलं तेही या प्रकरणासाठीच. मुद्रितं आली होती आणि ती सोमवारी तपासून परत पाठवायची होती.

दर शनिवारी चार वाजता जयनगरमध्ये मराठी मंडळाच्या वरच्या खोलीत बाबा हे काव्य शिकवत. त्यांना नेण्या-आणण्याचं काम माझं होतं. तिथे दहा-बारा माणसं यायची. काही आमच्यासारखी पुण्या-नागपुराहून आलेली, काही तीन-चार पिढ्या इथेच मुरलेली. सर्जापूर रोडवर राहणारी सिद्धी मूळची नागपूरची, सगळा तास एका फोनवर रेकॉर्ड करायची आणि दुसरा वाजला की उठून बाहेर जायची. निपाणीकडचे आप्पाजी पोस्टातून निवृत्त झालेले, बाबांचा प्रत्येक अर्थ वहीत उतरवून घ्यायचे. आणि गेले दोन शनिवार चिकपेटच्या कस्तुराबाई यायला लागल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढचं, घराणं शिंप्यांचं. आता त्यांची सून पवित्रा तिथे परकर आणि साडीच्या फॉलचं दुकान चालवते. कस्तुराबाई पंख्याखाली बसायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. मला वाटायचं त्यांना झोप लागते.

त्या तिसऱ्या शनिवारी बाबा जात्यापाशी पोचले. रंगात आले होते. निष्काम कर्म झालं, आतला नाद झाला, पाच इंद्रियं झाली. आप्पाजी लिहीत होते. तेवढ्यात कस्तुराबाई म्हणाल्या, "अण्णा, स्वल्प थांबा. ती दाणा का घालत नाही म्हणालात?"

"घालायचा नाही असं तिनं ठरवलंय म्हणून," बाबा म्हणाले. "घरात धान्य आहे. कवीने पहिल्याच सर्गात सांगितलंय, कणग्या भरलेल्या आहेत. तरीही ती घालत नाही. तिथेच सगळं मर्म आहे."

"कणग्या कधी भरल्या?"

"नवरा निघाला तेव्हा."

"आणि हे जातं कितव्या वर्षी?"

बाबांनी पानं चाळली. "नवव्या."

"नऊ वर्षं कणगी पुरतेय काय?" कस्तुराबाई म्हणाल्या. "दाणा संपलाय, अण्णा. घरात काही नाही. पहाटे सगळ्यांच्या घरात जातं वाजतंय, हिच्या घरात नाही वाजलं तर गावाला कळणार. म्हणून फिरवते. दुसरं काय?"

सिद्धीने फोन थोडा पुढे सरकवला. मी माझ्या हातातल्या पेनाकडे बघत होते आणि माझे कान तापले होते. ते वाक्य कानावर पडताक्षणी मला कळलं होतं की हेच खरं आहे. आतला नाद, इंद्रियं सगळं माझ्या डोक्यातून एका क्षणात पुसलं गेलं. राहिली फक्त एक बाई, जी रोज ठरल्या वेळेला उठते आणि आवाज करते.

बाबा मात्र वर्गात कधी हरलेले नव्हते. ते हसले. "कस्तुराबाई, मुद्दा चांगला आहे. पण तो टिकत नाही. माझी आई दळायची, मी ऐकलंय. भरल्या जात्याची घरघर वेगळी आणि रिकाम्या जात्याचा खडखडाट वेगळा. दगडावर दगड घासतो. जिने जन्मभर दळलंय तिला तो लगेच ओळखू येणार. मग लपवलं काय तिनं? शेजारणींना कळणारच."

"कळतंय की," कस्तुराबाई म्हणाल्या. "कळणाऱ्याला पहिल्या दिवशी कळतंय."

"मग?"

"मग काय? विचारायचं नाही. विचारलं तर तिची अब्रू गेली. म्हणून ती शेजारीण माझं जातं टाकीला दिलंय म्हणत येते. जातं तिच्या घरी धड आहे. गहू घेऊन यायला निमित्त पाहिजे. आणि दुसऱ्याच्या जात्यावर दळलं की शेवटचं पीठ झाडून न्यायचं नसतं, जातं ज्याचं त्याला ते सोडायचं. पद्धत आहे ती. तुमचा सद्गुरू कोण ते मला ठाऊक नाही, अण्णा. ती शेजारीण आहे."

"हे तुम्ही कशावरून म्हणता?" बाबांनी विचारलं. आवाज वर चढला होता.

कस्तुराबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "लग्न होऊन मी चिकपेटेत आले तेव्हा आम्ही वठारात राहायचो. मधे अंगण, भोवती आठ बिऱ्हाडं. सगळ्यांच्या भिंती एकाला एक लागून. ह्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं, दुकान बंद पडलं, काम यायचं थांबलं. मी रोज दहा वाजता मशीनवर बसायची. दोरा ओवायचा नाही, कापड ठेवायचं नाही, नुसतं पायाने चालवायचं. दीड महिना चालवलं. एक दिवस वरची गौरम्मा आली, चार ब्लाउजचं कापड घेऊन. म्हणाली, माझ्या मशीनचा पट्टा तुटलाय, तू शिवून दे. आदल्या रात्रीपर्यंत तिचं मशीन मला ऐकू येत होतं. मी सरी, बरं, म्हटलं आणि कापड घेतलं. ती गेली त्या वर्षापर्यंत आम्ही दोघी त्यावर एक शब्द बोललो नाही."

आप्पाजींनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही आज सगळ्यांसमोर सांगितलंत, अक्का," ते म्हणाले.

"ऐंशी वर्षांच्या बाईची अब्रू आता कोण घेणार?" कस्तुराबाई म्हणाल्या.

बाबांनी तास दहा मिनिटं आधी संपवला. विचार करायला हवा, असं म्हणाले, पण चेहरा विचार करणाऱ्याचा नव्हता. गाडी जयनगरच्या बाजारातून बाहेर पडली आणि मग सुरू झाले.

"अनुभव वेगळा आणि अर्थ वेगळा. बाई स्वतःचं आयुष्य काव्यात घालतात. उद्या एखादा खलाशी येऊन मला सांगेल की तारवाचं शीड चुकलंय. म्हणून काय देह आणि आत्मा सोडून द्यायचे?"

"त्या म्हणाल्या ते बरोबर वाटलं मला," मी म्हणाले.

"वाटणारच. करुण आहे ना. करुण गोष्ट सगळ्यांना बरोबर वाटते." त्यांनी सीटचा पट्टा ओढून सैल केला. "मला एक सांग. हे व्यवहारात तरी बसतं का? एक बाई रोज पहाटे उठून, महिनोन्महिने, नुसतं नाटक करते. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. कंटाळणार नाही ती? कुणाजवळ मन मोकळं करणार नाही? माणूस असा वागूच शकत नाही, मैत्रेयी. कवी एवढा मोठा, तो अशी न पटणारी गोष्ट लिहिणार नाही. म्हणून ते प्रतीकच आहे. मी प्रकरणात एक तळटीप घालतो. त्यांचं नाव न घेता, अमुक एक मत आहे पण ते मनुष्यस्वभावाला धरून नाही, असं."

सिल्क बोर्डच्या चौकात आमची गाडी थांबली होती. पुढे बस होती, मागे बस होती. मला त्या तळटिपेचा राग आला. चाळीस वर्षं एका बाईबद्दल वाचून हा माणूस तिला 'असं कुणी वागत नाही' म्हणून खोडून काढणार होता, आणि ते सोमवारी छापायला जाणार होतं. गप्प बसले असते तर माझं झाकलेलं राहिलं असतं. मंगळवारी मी मॉलमध्ये असते आणि बाबा बाकावर माझी चौदा माणसं सांगत असते.

"वागतं, बाबा," मी म्हणाले. "मी वागते आहे."

त्यांना कळलं नाही. "म्हणजे?"

"माझी नोकरी गेली. नऊ आठवडे झाले. मी ऑफिसला जात नाही. नुसती घरातून जाते."

बस हलली. मी गाडी पुढे घेतली. बाबा समोर बघत होते. मला वाटलं आता विचारतील, का गेली, किती लोकांना काढलं, पुढे काय. मी त्या सगळ्याची उत्तरं तयार ठेवली होती.

"मग जेवतेस कुठे?" त्यांनी विचारलं.

"गाडीत."

"गाडी कुठे असते?"

"मॉलच्या तळघरात."

अगरा तलावाजवळ आम्ही पुन्हा थांबलो.

"तिथे उजेड असतो का?" बाबा म्हणाले.

नऊ आठवड्यांत मी रडले नव्हते. त्या प्रश्नाला मात्र मला रडू आलं, आणि ते काही शोभेसं रडू नव्हतं. नाक वाहत होतं, मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. बाबांनी खिशातला रुमाल काढून दिला आणि खिडकी खाली करून त्या रिक्षावाल्याला हात दाखवला, थांब म्हणून. तो काही थांबला नाही, बाजूने गेला आणि जाताना कन्नडमध्ये काहीतरी बोलला.

घरी येईपर्यंत बाबांनी एकच गोष्ट विचारली, शंतनुला माहीत आहे का. नाही म्हटल्यावर म्हणाले, "त्याला तू सांग. मी सांगणार नाही." रविवारी सकाळी मी फोन केला. शंतनुने अपेक्षेप्रमाणे पाऊण तास धीर दिला. मी तो ऐकून घेतला आणि खरं सांगायचं तर शेवटची दहा मिनिटं मला बरंही वाटलं.

त्या दुपारी बाबा मुद्रितं घेऊन जेवणाच्या टेबलावर बसले. मी समोर भाजी निवडत होते. ते सातवं प्रकरण पहिल्यापासून वाचत होते आणि पेन्सिलीने रेघा मारत होते. आधी एक ओळ, मग परिच्छेद, मग आडवी रेघ अख्ख्या पानावर. तिसऱ्या पानाला थांबले.

"यात एक गंमत बघ," ते म्हणाले. गंमत वाटत असल्यासारखा आवाज नव्हता. "माझ्या या छत्तीस पानांत लाडाई भुकेली आहे असं कुठेही नाही. नऊ वर्षं एकटी बाई, आणि ती काय खात असेल हे मला चाळीस वर्षांत एकदाही विचारावंसं वाटलं नाही. नाद कसला ते विचारलं. तो कुणाला ऐकू जातो तेही विचारलं. आणि माझ्या स्वतःच्या घरात..." ते थांबले. "रोज संध्याकाळी विचारायचो मी तुला, फार काम होतं का. तू हो म्हणायचीस. मला काही ऐकू आलं नाही."

"मी नीट लपवलं होतं, बाबा."

"हो. पण माझं काम काय होतं?"

मी मेथीच्या काड्या एका बाजूला करत राहिले. संध्याकाळी त्यांनी प्रकाशकाला मेल पाठवला की सातवं प्रकरण मागे घेतो, नवीन लिहायला तीन महिने लागतील. प्रकाशकाचा लगेच फोन आला. दिवाळीची वेळ चुकेल, जाहिरात गेली आहे, ज्या प्रकरणासाठी पुस्तक घेतलं तेच काढताय, असं बरंच काही तो बोलला. बाबा 'बरोबर आहे तुमचं' एवढंच म्हणत होते. शेवटी तो म्हणाला की मग पुस्तकाचंच पुढे बघू. बाबांनी फोन ठेवला आणि चहा करू का, असं मला विचारलं. त्यांचा चहा शिऱ्यासारखाच होणार होता, तरी मी हो म्हणाले.

पुढच्या शनिवारी बाबा वर्गात उभे राहिले. पुस्तक उघडलं नाही. "गेल्या वेळी मी जात्याचा जो अर्थ सांगितला तो चुकीचा होता," ते म्हणाले. "कस्तुराबाई म्हणाल्या तो बरोबर आहे. लाडाईच्या घरात दाणा नव्हता. आपण तिथून पुढे वाचू."

आप्पाजी वही उघडून बसले होते. त्यांना हे मानवलं नाही. "सर, पण तुमचा मुद्दा बिनतोड होता की. रिकामं जातं ओळखू येतं."

"ओळखू येतं. तरी गप्प राहतात. कस्तुराबाईंनी सांगितलं ते."

"ते झालं. पण बाई महिनोन्महिने असं करील हेच पटत नाही. मी घरी जाऊन विचार केला. दोन दिवस ठीक आहे. रोज रोज कोण करील?"

माझी नजर जमिनीवर होती. सिद्धी म्हणाली, "हो सर, सायकॉलॉजिकली ते थोडं स्ट्रेच्ड वाटतं. तुमचं आधीचं इंटरप्रिटेशन मला जास्त लॉजिकल वाटलं होतं."

"मलाही तसंच वाटत होतं," बाबा म्हणाले. "आता वाटत नाही."

"का पण, सर? काही नवीन पुरावा मिळाला?" आप्पाजींनी पेन उचललं. "पोथी वगैरे?"

बाबांचं सगळं आयुष्य पुराव्यांत गेलं होतं. एखादा शब्द बदलायचा तर ते तीन पोथ्यांचे दाखले देत. त्या खोलीतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. सगळे वाट बघत होते. माझ्याकडे एकदाही न बघता ते म्हणाले, "मिळाला. पण तो मी सांगणार नाही. तुम्ही असं लिहा की सरांचं वाचन कच्चं होतं."

आप्पाजींनी वहीत काही लिहिलं नाही. त्यांना वाईट वाटलं होतं ते दिसत होतं. एकतीस वर्षं शिकवलेल्या माणसाला कारण देता येत नाही, असं त्यांना वाटलं असणार. मी तोंड उघडलं होतं. सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं होतं. पण बाबांनी पान उघडलं आणि पुढची ओवी वाचायला घेतली, नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात. त्यांना मी बोललेलं नको होतं. मी त्यांचा आवाज ऐकत राहिले.

तास संपल्यावर बाबा आप्पाजींशी बोलत मागे राहिले. मी कस्तुराबाईंचा हात धरून त्यांना जिना उतरवत होते. त्या प्रत्येक पायरीला दोन्ही पाय टेकवायच्या. अर्ध्या जिन्यात मी म्हणाले, "अक्का, एक विचारू? आधीचे दोन शनिवार तुम्ही काहीच बोलला नाहीत. मग एकदम ते मशीनचं का सांगितलंत?"

"ह्या पोरी कंप्युटरच्या नोकरीवाल्या," त्या म्हणाल्या. "त्यांचा फोन थांबत नाही. ती सिद्धी बघ, तासाला तीनदा उठून बाहेर जाते, शनिवार असला तरी. पवित्राची भाची तशीच." त्या एक पायरी उतरल्या. "तुझा फोन तू मांडीवर ठेवतेस, सारखा बघतेस, आणि तो वाजत नाही."

माझा हात तसाच त्यांच्या हातात होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. खालच्या दारापाशी पवित्रा रिक्षा थांबवून उभी होती. कस्तुराबाई शेवटची पायरी उतरल्या, दम घेतला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आमच्या पवित्राचं एक अडलंय बघ. दुकानाच्या ऑर्डरी आता कंप्युटरवर येतायत आणि ते बघणारा माणूस गावी गेलाय. सगळा घोळ झालाय म्हणते. तुला वेळ झाला तर मंगळवारी येऊन स्वल्प बघशील काय? दुपारी जेवायलाच ये."

मी पवित्राकडे बघितलं. ती रिक्षाची दांडी धरून उभी होती आणि सासूकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"येते मंगळवारी," मी म्हणाले. तो माणूस खरंच गावी गेला होता का, ते मी विचारलं नाही.